पिकातली संप्रेरके जोडीने वाचायला कशी शिकावीत

वनस्पतींच्या संप्रेरकांची ओळख बहुतेकांना एका तक्त्यातून होते. ऑक्झिन म्हणजे मुळ्या, जिबरेलिन म्हणजे उंची, सायटोकायनिन म्हणजे फुटवे, इथिलीन म्हणजे पिकणे, ॲबसिसिक आम्ल म्हणजे सुप्तावस्था. परीक्षेपुरता हा तक्ता बरा, पण पिकात उभे राहिले की तो तोकडा पडतो. सफरचंदाच्या बागेत एनएए हे कृत्रिम ऑक्झिन फुलोरा संपताच फवारले तर लहान फळे गळून विरळणी होते. तेच काढणीच्या तोंडावर फवारले तर फळगळ थांबते. अननसात तेच रसायन फुलोरा आणते. एकाच औषधाने तीन वेगळी कामे कशी केली, याचे उत्तर बाटलीवर सापडत नाही. फवारणीच्या वेळी झाडात दुसरी कोणती संप्रेरके होती, किती होती आणि कुठे होती, त्यात ते असते.

हा लेख शेती, रोपवाटिका किंवा वनस्पतिशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. तिसरी आणि पाचवी मात्र सावकाश वाचा, बाकीच्यांचा अर्थ त्यांतूनच लागतो.

पायरी 1: नावांबरोबर पत्तेही लक्षात ठेवा

कोणते संप्रेरक काय करते यापेक्षा ते कुठे तयार होते आणि कुठून कुठे जाते, हे आधी पक्के करा.

ऑक्झिन मुख्यतः शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होते आणि पेशीतून पेशीत खाली उतरते. पेशीच्या ठरावीक बाजूला बसलेली 'पिन' नावाची प्रथिने त्याला दिशा देतात. असा एका दिशेचा प्रवास बाकीच्यांच्या वाट्याला आलेला नाही. सायटोकायनिन बरेचसे मुळांच्या टोकांशी बनते आणि पाण्याबरोबर वर चढते. जिबरेलिन वाढत्या पेरांत, कोवळ्या पानांत आणि भरणाऱ्या बियांत सापडते. ॲबसिसिक आम्ल पाण्याचा ताण पडला की पानांत आणि मुळांत वाढते, तसेच पक्व होणाऱ्या बियांतही. इथिलीन हा वायू आहे. जखम, वार्धक्य, पिकणे, साचलेले पाणी अशा कुठल्याही निमित्ताने तो तयार होतो आणि शेजारच्या झाडापर्यंत किंवा फळापर्यंतही पोचतो.

यांखेरीज ब्रासिनोस्टिरॉइड आहेत. त्यांतले पहिले, ब्रासिनोलाइड, 1979 मध्ये मोहरीवर्गीय पिकाच्या परागकणांतून वेगळे झाले. मुळांत बनणारे स्ट्रिगोलॅक्टोन पुढे लागेलच. जास्मोनेट आणि सॅलिसिलिक आम्ल ही प्रामुख्याने बचावाची संप्रेरके, ती नवशिक्याने तूर्त बाजूला ठेवली तरी चालेल. एवढेच ध्यानात असू द्या की चावून खाणाऱ्या किडींविरुद्ध जास्मोनेट आणि जिवंत पेशींवर जगणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध सॅलिसिलिक आम्ल पुढे येते आणि ही दोघे बऱ्याचदा एकमेकांना दाबतात.

पायरी 2: 'किती आहे' याऐवजी 'कशाच्या तुलनेत किती' हे विचारा

1957 मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या खोडातला गर पोषक माध्यमावर वाढवला आणि त्यात ऑक्झिन व सायटोकायनिन वेगवेगळ्या प्रमाणात घातले. ऑक्झिन वरचढ असताना मुळ्या आल्या, सायटोकायनिन वरचढ असताना कोंब. दोन्ही मध्यम असताना नुसताच पेशींचा गोळा वाढत राहिला. तोवर मुळ्यांसाठी एक आणि कोंबांसाठी दुसरे द्रव्य असेल असा समज होता. इथे दोनच द्रव्ये होती आणि निकाल त्यांच्या गुणोत्तराने लावला. (त्यांनी वापरलेले कायनेटिन दोनच वर्षांपूर्वी हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएवर उष्णतेची प्रक्रिया करून मिळाले होते. वनस्पतीतले नैसर्गिक सायटोकायनिन, झिएटिन, मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून नंतर हाती आले.)

ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळा आजही याच हिशोबावर चालतात. आधी सायटोकायनिन जास्त असलेल्या माध्यमावर कोंब वाढवायचे, मग ऑक्झिनच्या माध्यमावर त्यांना मुळ्या आणायच्या.

छाट कलम करतानाही हेच पाळा. काडीवर दोन-तीन डोळे आणि थोडी पाने ठेवा, कारण खाली उतरणारे ऑक्झिन आणि साखर तिथूनच मिळते. आयबीए हे मुळ्या फुटवणारे ऑक्झिन फक्त बुडाला लावा. दाट द्रावण लावल्याने मुळ्या जास्त येतील असे वाटते, प्रत्यक्षात बूड काळे पडून कुजते. काडीचे वरचे-खालचे टोक उलटे होऊ देऊ नका. काडी उलटी लावली तरी मुळ्या मूळच्या बुडाकडेच येऊ पाहतात, इतकी ऑक्झिनची दिशा पक्की असते.

पायरी 3: शेंडा खुडून स्वतः पाहा

संप्रेरकांचा परस्परसंबंध डोळ्यांनी पाहायचा तर यापेक्षा स्वस्त प्रयोग नाही. मटार किंवा घेवड्याची सारख्या वयाची दहा-बारा रोपे कुंड्यांत वाढवा. चार-पाच पाने आली की निम्म्या रोपांचे शेंडे पानाच्या थोडे वर खुडा, बाकीची तशीच ठेवा. पाणी आणि ऊन दोघांना सारखे द्या. काही दिवसांत खुडलेल्या रोपांच्या पानांच्या बगलेतले झोपलेले डोळे फुटू लागतील.

आता कारण पाहू. शेंड्यातून उतरणारे ऑक्झिन बगलेतल्या डोळ्यात स्वतः शिरत नाही. ते खोडात दोन गोष्टी करते: सायटोकायनिनची निर्मिती कमी करते आणि स्ट्रिगोलॅक्टोनची वाढवते. सायटोकायनिन डोळ्याला उठवते, स्ट्रिगोलॅक्टोन त्याला दाबून ठेवते. शेंडा गेला की दोन्ही उलट होते. थिमन आणि स्कूग यांनी 1930 च्या दशकात खुडलेल्या टोकावर ऑक्झिन लावून पाहिले तेव्हा डोळे दबलेलेच राहिले. स्ट्रिगोलॅक्टोनचा यातला वाटा कळायला मात्र 2008 उजाडले. 2014 मध्ये मटारावरील कामातून आणखी एक पदर उलगडला. शेंडा खुडल्यावर त्याच्याकडे जाणारी साखर डोळ्यांकडे वळते आणि ती ऑक्झिन ओसरण्याच्या आधी तिथे पोचते. म्हणजे या गोष्टीत संप्रेरकांइतकेच अन्नही आहे.

हरभऱ्याचे शेंडे खुडणे, कापसाची वाढ थोपवायला शेंडा मारणे, झेंडूची खुडणी ही कामे याच तत्त्वावर चालतात. खुडणीने नव्या फांद्या सुरू होतात, त्यांना पोसायला पाणी आणि अन्न लागतेच. उपाशी किंवा कोरड्या पिकात खुडणी करून फुटव्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

हीच साखळी मुळाकडून वाचून पाहा. जमिनीत स्फुरद कमी पडले की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन जास्त बनवतात. त्याचा काही भाग मातीत पाझरतो आणि मायकोरायझा बुरशीला बोलावतो, ती झाडाला स्फुरद आणून देते. वरच्या अंगाला त्याच स्ट्रिगोलॅक्टोनमुळे फुटवे कमी येतात. अन्न तोकडे असताना फांद्यांचा पसारा न वाढवण्याची ही सोय आहे. (त्याच पाझराचा वास घेऊन टारफुला, म्हणजे स्ट्रायगा हे परजीवी तणही उगवते. हा संकेत मुळात तसा सापडला: 1966 मध्ये कापसाच्या मुळांच्या पाझरातून, टारफुल्याचे बी उगवणारे द्रव्य म्हणून. झाडाच्या आतले त्याचे काम पुढे कितीतरी वर्षे कोणाला ठाऊक नव्हते.) नत्राचे वेगळे आहे. नायट्रेट मिळाले की मुळांत सायटोकायनिन वाढते आणि फुटव्यांना जोर येतो.

म्हणून भात-गव्हाला फुटवे कमी दिसले तर सायटोकायनिनची बाटली शोधण्याआधी माती परीक्षणाचा अहवाल काढा आणि जमीन वाफशावर आहे का ते पाहा. पांढरी मुळी धडधाकट असेल तर झाड स्वतःच सायटोकायनिन बनवते. मुळी कुजलेली असताना वरून फवारून फारसे काही साधत नाही, आणि माझ्या मते या विषयात पैसा सर्वांत जास्त वाया जातो तो इथेच.

पायरी 4: बी उगवताना दोघांचा सामना

ही पायरी छोटी आहे, कारण इथे बाजू स्पष्ट आहेत. बी पक्व होताना ॲबसिसिक आम्ल वाढते आणि बी झोपी जाते. ते बनवू न शकणाऱ्या मक्याच्या काही वाणांत दाणे कणसावरच उगवतात. ओल मिळाली की ॲबसिसिक आम्ल उतरते आणि गर्भात जिबरेलिन तयार होते. बार्लीत हे फार चांगले अभ्यासले गेले आहे. तिथे जिबरेलिन दाण्याच्या बाहेरच्या पेशीथरापर्यंत जाते, तो थर अमायलेज सोडतो, पिठाची साखर होते आणि कोंबाला अन्न मिळते. ॲबसिसिक आम्ल हीच अमायलेजची निर्मिती अडवते.

काढणीला आलेल्या गव्हावर पाऊस पडला आणि ओंबीतच कोंब आले, तर तिथे हा तोल आधीच ढळलेला होता असे समजा. सुप्तावस्था कमी असलेले वाण अशा वेळी लवकर दगा देतात.

पायरी 5: पाणी कमी आणि पाणी जास्त, दोन्ही वेळी पीक काय म्हणते ते ओळखा

पाण्याचा ताण पडला की ॲबसिसिक आम्ल वाढते आणि पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येत नसल्याने अन्ननिर्मितीही मंदावते. याच काळात मुळांकडून वर जाणारे सायटोकायनिन घटते, खालची पाने पिवळी पडायला लागतात, कारण पानांचे वार्धक्य लांबवणे हे सायटोकायनिनचे काम. ॲबसिसिक आम्ल पुरेसे बनवू न शकणारी टोमॅटोची रोपे भर पाण्यातही सुकल्यासारखी दिसतात, त्यांची रंध्रे मिटतच नाहीत.

पाणी साचले तर चित्र निराळे असते. इथिलीनच्या आधीचे द्रव्य, एसीसी, मुळांत बनते. त्याचे इथिलीन करायला ऑक्सिजन लागतो आणि तो बुडालेल्या मुळांना मिळत नाही. मग एसीसी वर चढते, पानांत ऑक्सिजन मिळताच त्याचे इथिलीन होते आणि पानांचे देठ खाली वाकतात. टोमॅटोत हे अगदी ठळक दिसते. पाने लोंबलेली पाहून नवखा माणूस आणखी पाणी सोडतो. तसे करण्याआधी बोटभर माती उकरून पाहा.

आता भाताकडे वळू. संप्रेरकांची साखळी इतकी स्वच्छ दुसऱ्या कुठल्या पिकात क्वचितच दिसते. भात पाण्याखाली गेला की त्याने सोडलेला इथिलीन पाण्यामुळे निसटत नाही, झाडातच कोंडतो. कोंडलेला इथिलीन ॲबसिसिक आम्ल उतरवतो आणि जिबरेलिनचा परिणाम वाढवतो. पेरे लांबतात. खोल पाण्यातले भात असे दिवसाला 20 ते 25 सेंटिमीटरपर्यंत वाढून पाण्याबाहेर तोंड काढू शकतात. यामागची स्नॉर्केल नावाची जनुके 2009 मध्ये ओळखली गेली, तीही इथिलीनलाच प्रतिसाद देतात.

पण पूर काही दिवसांत ओसरणार असेल तर हीच धडपड घातक ठरते. साठवलेले अन्न वाढण्यात संपते आणि पाणी उतरल्यावर रोप कोसळते. 2006 मध्ये सापडलेले सब-1-ए हे जनुक उलटा मार्ग घेते. तेही इथिलीननेच जागे होते, मात्र जिबरेलिनचा परिणाम दाबून ठेवते. रोप वाढ थांबवते, अन्न राखते आणि साधारण दोन आठवड्यांपर्यंतची बुडी सोसून पुन्हा उभे राहते. भारतात स्वर्णा सब-1 हा वाण याच जनुकामुळे आला. दोन्ही भातांत पुराची खबर इथिलीनच देतो, आणि निकाल ठरतो तो त्याच्या पुढे जिबरेलिनला मोकळे सोडले की बांधून ठेवले, यावर.

पायरी 6: उंची आणि फुलोरा यांत जिबरेलिनला शोधा

जिबरेलिनचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. त्या रोगात रोपे उंच, फिकट आणि लुळी होत. 1926 मध्ये कुरोसावा यांनी दाखवले की रोग घडवणाऱ्या बुरशीने सोडलेल्या द्रव्यानेही तसेच होते, ते द्रव्य म्हणजे जिबरेलिन. पुढे कळले की झाडात 'डेला' नावाची प्रथिने वाढीला लगाम घालून बसलेली असतात आणि जिबरेलिन आले की ती मोडीत निघतात. ब्रासिनोस्टिरॉइड, उजेडाचे संकेत आणि जास्मोनेट हे सगळे याच प्रथिनांपाशी एकमेकांना भेटतात. दाटीत पीक उंच-बारीक होऊन लोळते, त्याचा धागा इथेच आहे: सावलीचा संकेत मिळाला की ऑक्झिन आणि जिबरेलिन दोन्ही वाढतात. अशा पिकाला वाढरोधक देण्याआधी अंतर आणि नत्राची मात्रा तपासा.

हरितक्रांतीचे बुटके वाण याच रस्त्यावरचे आहेत, पण दोन वेगळ्या ठिकाणी. नोरिन 10 या जपानी वाणातून आलेल्या बुटक्या गव्हात डेला प्रथिन असे बदललेले आहे की जिबरेलिन आले तरी ते मोडत नाही. 1966 च्या आयआर 8 भातात मात्र जिबरेलिनच कमी बनते. त्यामुळे त्या भातावर बाहेरून जिबरेलिन फवारले तर तो उंच होतो, त्या गव्हावर जवळपास काही होत नाही. वाण न विचारता मात्रा सांगणाऱ्याचा सल्ला म्हणूनच जपून घ्यावा.

क्लोरमेक्वाट, मेपिक्वाट, पॅक्लोब्युट्राझोल ही वाढरोधके स्वतः संप्रेरके नाहीत, ती जिबरेलिनची निर्मिती अडवतात. आंब्यात जिबरेलिन मोहोराला मागे ढकलते, म्हणून तिथे पॅक्लोब्युट्राझोल चालते. ते जमिनीत दीर्घकाळ टिकते, त्यामुळे दरवर्षी डोळे झाकून तेवढेच ओतत राहू नये.

द्राक्षात जिबरेलिन घडाची दांडी लांबवते, फुलांची विरळणी करते आणि बिनबियांच्या वाणांत मणी फुगवते, तिन्ही वेळ बदलून. त्याच वेलीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचे अंकुर आकार घेत असतात आणि तिथे सायटोकायनिन वरचढ असेल तर घड, जिबरेलिन वरचढ असेल तर बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा ताणा तयार होतो. आजचा मणी फुगवताना पुढच्या घडाचा हिशोब मनात असावा. काकडीवर्गात अशीच जोडी नर-मादी फुलांची. रोप दोन ते चार पानांवर असताना इथिलीन मिळाले तर मादी फुले वाढतात, जिबरेलिनने नर.

पायरी 7: फळ धरणे, गळणे आणि पिकणे वेगळे ठेवा

परागीभवनानंतर बीजांडात ऑक्झिन वाढते, पाठोपाठ जिबरेलिन, आणि फळ धरते. 1950 मध्ये निच यांनी स्ट्रॉबेरीवरचे बारीक दाणे काढून टाकले तेव्हा फळाची वाढ थांबली, त्या जागी ऑक्झिन लावताच ती पुन्हा सुरू झाली. वाकडी किंवा एका टोकाला बारीक काकडी दिसली तर आधी मधमाश्या येतात का ते पाहा. ज्या बाजूला बी नाही, त्या बाजूला वाढीचा हुकूमही नाही.

गळ ही ऑक्झिन आणि इथिलीनमधली गोष्ट आहे. पानातून किंवा फळातून ऑक्झिन देठाकडे वाहते तोवर देठाच्या बुडाचा गळणारा थर इथिलीनला दाद देत नाही. प्रवाह आटला की तोच इथिलीन पेशी सुट्या करतो. ऑक्झिनची जास्त मात्रा मात्र स्वतःच इथिलीन वाढवते. सफरचंदातली विरळणी आणि अननसाचा फुलोरा, दोन्हींचा उलगडा इथे होतो. कापसातल्या पातेगळीला ढग, ताण, नत्राचा अतिरेक अशी अनेक कारणे असतात, तेव्हा एनएए हा त्या सगळ्यांवरचा इलाज नव्हे.

पिकण्याच्या बाबतीत फळांचे दोन गट पाडा. केळी, आंबा, टोमॅटो, सफरचंद ही इथिलीनने पिकतात आणि पिकताना स्वतःही इथिलीन सोडतात. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, लिंबूवर्ग तसे नाहीत, ती काढल्यावर गोड होत नाहीत. पहिल्या गटातले एक पिकलेले फळ बंद पिशवीत कच्च्या टोमॅटोंसोबत ठेवा, शेजारी नुसत्या टोमॅटोंची दुसरी पिशवी ठेवा. फरक दिसायला उपकरण लागत नाही.

पायरी 8: बाटली उघडण्याआधी

बाटलीवर घटकद्रव्याचे नाव आणि टक्केवारी नसेल तर ती घेऊच नका. पीकनिहाय मात्रा लेबलवरचीच पाळा. हिशोब असा: 1 पीपीएम म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम. 100 लिटर पाण्यात 10 पीपीएम जिबरेलिक आम्ल हवे तर 1 ग्रॅम शुद्ध द्रव्य लागते, भुकटी 90 टक्क्यांची असेल तर सुमारे 1.11 ग्रॅम. द्रवात 100 मिलीमागे 40 ग्रॅम घटक असेल आणि 100 लिटरमध्ये 200 पीपीएम हवे असेल, तर 50 मिली.

जिबरेलिक आम्लाची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी. इथेफॉन, म्हणजे झाडात गेल्यावर इथिलीन सोडणारे रसायन, आम्लधर्मी द्रावणातच टिकते, म्हणून त्यात अल्कधर्मी औषध मिसळू नका आणि द्रावण केल्या केल्या वापरा. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करा, तहानलेल्या पिकावर करू नका.

2,4-डी हेही ऑक्झिनसारखेच रसायन आहे, तणनाशकाच्या मात्रेत. कापूस, द्राक्ष आणि टोमॅटो त्याला फार हळवे असतात. नुसत्या वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही त्यांची पाने अरुंद आणि वेडीवाकडी होतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

शेवटी, प्रत्येक फवारणीत मध्ये दोन-चार ओळी कोऱ्या सोडा आणि खुंट्या रोवून त्या ओळखू येतील असे करा. फवारणीची तारीख, पिकाची अवस्था, मात्रा आणि त्या आठवड्यातले हवामान वहीत लिहा. पेरांची लांबी, फुटवे किंवा धरलेली फळे कोऱ्या आणि फवारलेल्या ओळींतल्या सारख्याच संख्येच्या झाडांवर मोजा, तेही फवारणीच्या आधी एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने. फरक दिसला नाही तर मात्रा वाढवण्याआधी वहीतली अवस्थेची नोंद पुन्हा वाचा.